खिडकीशी, चौघांसाठी

काय हवं आहे

फोनवरच्या हॉटेल शोधायच्या पानावर चौकोन होते. जे हवं त्यावर टिचकी मारायची. लहान मुलांसाठी उंच खुर्ची. मुलांचं वेगळं जेवण. पायऱ्या नसलेलं दार. मत्स्यालयापासून चालत जाता येईल एवढं जवळ. लेकीने चारही चौकोनांवर टिचकी मारली. खरं तर तिची चिमी सहा वर्षांची, उंच खुर्चीत बसवलं असतं तर तिने भांडून हॉटेल डोक्यावर घेतलं असतं. आणि कॅप्टन काठी टेकत का होईना, पायऱ्या चढत होते. लेकीला जे हवं होतं त्याचा चौकोन त्या पानावर नव्हता. असता तरी त्यावर टिचकी मारण्याआधी तिने मागे कुणी उभं नाही ना ते पाहिलं असतं.

कॅप्टन म्हणजे तिचे वडील. जहाजावरचे नव्हेत, जेवणघरातले. एका मोठ्या हॉटेलच्या दारात उभं राहायचं, आलेल्या माणसाला एका नजरेत जोखायचं आणि त्याला कुठल्या टेबलावर बसवायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या कामाला कॅप्टन म्हणतात. काम सुटलं तरी नाव अंगाला चिकटून राहिलं. शेजारीपाजारीही त्यांना कॅप्टनच म्हणत.

मग अर्धांगाचा झटका आला. हात आणि पाय बरेचसे परत आले. तोंडाची उजवी बाजू मात्र गेली ती गेलीच. घास आत जायचा, त्यातला थोडा ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. गिळताना घशातून आवाज यायचा, मोरीतलं पाणी शेवटी ओढलं जातं तसा. लेकीने एका पांढऱ्या कापडाचा मोठा रुमाल शिवला होता, मानेमागे बांधायला दोन बंद लावलेला. घरी कॅप्टन आपल्या खोलीत जेवत. "औषधांच्या वेळा सांभाळायला बरं पडतं," असं लेक सांगायची. कुणी विचारलेलं नसताना सांगायची.

नणंद चार दिवस राहायला आली तेव्हा मत्स्यालयाचा बेत ठरला. कॅप्टन म्हणाले, "मी नाही येत." झटक्यानंतर ते दवाखान्याखेरीज कुठे गेलेच नव्हते. नणंद म्हणाली, "काका, तुम्ही नसाल तर मी त्या माशांशी काय बोलू?" कॅप्टन हसले. थोड्या वेळाने तुटक तुटक म्हणाले, "येईन. पण जेवण बाहेर. टेबलावर. खिडकीशी. आयुष्यभर लोकांना बसवलं. मी बसलो नाही."

"बसू या की, बाबा," लेक म्हणाली.

मनापासून म्हणाली. नणंदेच्या देखत म्हणाली, हेही तितकंच खरं.

सकाळी कॅप्टननी कोट घातला. डाव्या हाताने दाढी केली, हनुवटीवर कापलं, त्यावर कागदाचा कपटा चिकटवला. लेकीने तो रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. तळाशी, पाण्याच्या बाटलीच्या खाली.


कासवाचं जेवण

मत्स्यालयात सगळ्यात मोठी गर्दी कासवाच्या काचेपुढे होती, कारण त्याला खायला घालायची वेळ झाली होती. पाणबुड्याचा पोशाख घातलेला माणूस कोबीचं पान पुढे धरायचा. कासव मान लांबवून पान ओढायचं, अर्धं तोंडात, अर्धं पाण्यात. कोपऱ्यातून हिरवे तुकडे गळायचे आणि बारके मासे त्यांच्यावर तुटून पडायचे. लोक हसत होते. फोन वर झाले होते.

"आई, बघ," चिमी खणखणीत आवाजात म्हणाली. "अगदी आजोबा."

"गप गं, कार्टे," नणंद म्हणाली.

कॅप्टन हसले. अर्ध्या तोंडाने, पण खरंखुरं हसले. "माझ्यापेक्षा बरं खातं," ते म्हणाले.

लेक हसली नाही. तिला त्या काचेपुढचे पाठमोरे लोक दिसत होते आणि ते सगळे वळले तर कसे दिसतील तेही दिसत होतं. तिथून पुढे तिचं एकाही माशाकडे लक्ष गेलं नाही.


पहिली जागा

अंतर: मत्स्यालयाचा जिना चढला की समोरच.
मुलांसाठी: माशांच्या आकाराच्या थाळ्या.
खिडकी: चारही बाजूंनी.
अडचण: चारही बाजूंनी.

"किती छान आहे गं," नणंद दारातूनच म्हणाली. "पाणी पण दिसतंय. इथेच बसू."

"रांग आहे, ताई."

"दोनच माणसं तर आहेत."

"त्यांच्यामागे अजून असतील. आत गेलेले." लेकीने चिमीचा हात धरला आणि ती जिना उतरायलाही लागली. "आणि इथलं सगळं गार करून देतात म्हणे. लोकांनी लिहिलंय."

लोकांनी असं काही लिहिलं नव्हतं. लोकांनी लिहिलं होतं: मोकळं, उजेडाचं, आजीआजोबांना घेऊन अवश्य जा.

कॅप्टन जिना चढून वर आलेच होते. त्यांनी काठी फिरवली आणि पुन्हा उतरायला घेतलं, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.


दुसरी जागा

अंतर: रस्ता ओलांडला की आलं.
मुलांसाठी: रंगीत खडू, टेबलावर घातलेला कागद, एक लाकडी घोडा.
खिडकी: आहे. रिकामी आहे.
अडचण: भिंतींवर आरसे.

इथे मात्र ते आतपर्यंत गेले. चिमी घोड्यावर बसलीसुद्धा. वेटरने खिडकीजवळच्या टेबलाकडे हात केला, आणि कॅप्टननी कोटाचं खालचं बटण लावून घेतलं. लेकीने आरशात पाहिलं. एका आरशात कॅप्टन होते, दुसऱ्यात पाठीमागून कॅप्टन होते, तिसऱ्यात बाजूने, हनुवटीवरच्या कागदासकट. ते जेवायला लागले असते तर त्या खोलीत किती जण जेवले असते.

"खुर्च्या फार बुटक्या आहेत," ती म्हणाली. "बाबांना उठता येणार नाही."

"बसेन की," कॅप्टन म्हणाले.

"बसाल हो. उठवणार कोण?"

"मी उठवीन," नणंद म्हणाली. "घरी आमच्या ह्यांना रोज सकाळी उठवते, काकांचं काय घेऊन बसलीस?"

वेटर हसला. लेकही हसली, आणि हसत हसतच तिने चिमीला घोड्यावरून काखेत उचललं. चिमीने भोकाड पसरलं. बाहेर पडताना लेकीला बरंच वाटलं: आता लोक चिमीकडे बघत होते.


तिसरी जागा

बंद.


तिसरी जागा (चिमीच्या म्हणण्याप्रमाणे)

लेक कोपऱ्यावरून एकटीच पुढे जाऊन आली होती. चिमी तिच्यामागून कधी पळत गेली ते कुणाला कळलं नव्हतं.

"आज बंद आहे," लेक परत येऊन म्हणाली.

"आई, दार उघडं होतं," चिमी म्हणाली. "एक काका सूप पीत होते. मी पाहिलं."

"आत बंद होतं."

"आत बंद म्हणजे?"

"स्वयंपाकघर बंद होतं, चिमे. प्रत्येक गोष्टीत चोंबडेपणा कशाला?"

नणंदेने भुवया वर केल्या आणि काही न बोलता खाली आणल्या. ते गप्प राहणं लेकीला टोमण्यापेक्षा झोंबलं. कॅप्टन भिंतीला टेकून उभे होते. कोटाच्या बाहीने त्यांनी ओठाचा कोपरा टिपला. काही खाल्लेलं नव्हतं, तरी टिपला. सवयच लागली होती. ही सवय आपणच तर लावली, असं लेकीच्या मनात आलं. पुसा बाबा, पुसा. दिवसातून किती वेळा.

तेवढ्यात नवऱ्याचा निरोप आला. तो कामावर होता आणि तिथून जेवणाची काळजी करत होता. सापडली का जागा? बाबांना खिडकी हवी आहे, विसरू नकोस.

ती विसरली नव्हती, अडचण तीच होती.


चौथी जागा, जिथे कुणी गेलंच नाही

अंतर: बागेच्या फाटकातून आत.
मुलांसाठी: झोपाळे.
बसायला: झाडामागचा बाक.

"पाव आणि फळं घेऊन बागेत बसलो तर?" लेक म्हणाली. "मोकळी हवा. चिमीला खेळायला होईल."

"बाई गं," नणंद म्हणाली, "माझ्या पोटात कावळे कोकलतायत आणि तू मला त्यांच्याच पंगतीला बसवतेस? एवढा प्रवास करून मी बाकावर पाव खायला आले का? सकाळपासून बघतेय, तुला एकही जागा पसंत पडत नाही. तुझ्या लग्नातसुद्धा एवढे नकार ऐकले नव्हते आम्ही."

"तसं नाही, ताई. सगळ्यांना सोयीचं पडायला हवं ना."

"कुणाला गैरसोयीचं होतं?"

उत्तर लेकीजवळ होतं. कोट घालून, काठीवर भार देऊन, तिच्या शेजारी उभं होतं. ती म्हणाली, "चला, मागच्या गल्लीत एक आहे."


पाचवी जागा

अंतर: गल्लीच्या टोकाला.
मुलांसाठी: विशेष काही नाही.
खिडकी: आहे. दर्शनी, मोठी, पडदा नसलेली.
आणि: आतल्या बाजूला, जाड खांबाच्या मागे, एक टेबल.

लेकीला ते खांबामागचं टेबल दारातूनच दिसलं आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. मालकीणबाई हात पुसत पुढे आल्या. "चौघं? खिडकीशी देऊ?"

"आतलं चालेल," लेक पटकन म्हणाली. "ते, खांबाजवळचं. शांत आहे. वडिलांना गोंगाट सोसत नाही."

गोंगाट नव्हताच. एक जोडपं होतं, तिघं कचेरीतले होते, आणि एक म्हातारी वर्तमानपत्र वाचत होती.

लेकीने कॅप्टनना भिंतीकडे तोंड करून बसवलं. काठी कोपऱ्यात उभी केली. स्वतःची खुर्ची ओढून जरा तिरकी ठेवली, म्हणजे खांबाची एक बाजू जिथे संपते तिथून तिची पाठ सुरू व्हायची. सगळं कसं जुळून आलं होतं. तिने सूप मागवलं, अंडी, पाव, उकडलेले बटाटे. नणंदेने दोन वेळा मेनूकार्ड वाचून जे पहिल्यांदा ठरवलं होतं तेच मागवलं.

"काका," नणंद म्हणाली, बहुधा सकाळपासूनचं अवघडलेपण घालवायला, "ही मला नेहमी सांगते. तुमच्या हॉटेलात म्हणे हिचं स्वतःचं टेबल होतं. राणीसारखी बसायची."

"होतंच मुळी," लेक म्हणाली. खूप वेळाने तिचा आवाज सैल झाला. "असंच खांबामागे. आई आणि मी गेलो की बाबा आमच्यासाठी तेच ठेवायचे. जादा पाव यायचा. आणि माझ्या आईस्क्रीमवर दोन वेफर. बाकीच्यांना एक, मला दोन."

कॅप्टन ऐकत होते. मग त्यांनी मान वळवून खांब पाहिला. स्वयंपाकघराचं झडपेचं दार पाहिलं. समोरची भिंत पाहिली. लेकीची तिरकी खुर्ची पाहिली. कितीतरी वर्षं दारात उभं राहून जशी पाहायचे तशी सगळी खोली त्यांनी एका नजरेत पाहिली.

"चांगली निवडलीस," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"जागा. मी पण हीच दिली असती."

"कुणाला?" चिमीने विचारलं.

"असतात लोक. कुणाचं पोर रडतं. कुणाचा म्हातारा सांडतो." ते थांबले, थुंकी गिळली. आवाज आला. "बाकीच्यांचं जेवण... बिघडू नये."

"आणि त्यांना कळायचं नाही?" नणंद म्हणाली. "की आपल्याला आडोशाला बसवलंय म्हणून?"

"नाही कळायचं. लाड करायचो ना. जादा पाव." कॅप्टननी समोरचा चमचा सरळ केला. "पोरांना दोन वेफर."

झडपेचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा थोडं उघडलं, मिटलं.

लेकीला आईच्या चपला आठवल्या. अंगठ्याला तार लावून जोडलेल्या. हॉटेलच्या पायऱ्या चढण्याआधी आई कोपऱ्यावर थांबून तिचे केस थुंकीने बसवायची. त्या टेबलाची गोष्ट तिने मैत्रिणींना सांगितली होती, नवऱ्याला लग्नाआधी सांगितली होती, चिमीला झोपवताना सांगितली होती. राणीचं टेबल. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"आम्हाला पण?" तिने विचारलं.

कॅप्टन चमच्याकडेच बघत राहिले. "मालक दारात असायचा," ते म्हणाले. मालकाच्या आड लपणं त्यांनाच बरं वाटलं नसावं, म्हणून पुढे म्हणाले, "तुम्हाला पण. मला लाज वाटायची."

नणंदेने हातातलं कार्ड पुन्हा उघडलं. चिमी म्हणाली, "मला पण दोन वेफर हवेत."

लेक रागावली असती तर सोपं झालं असतं. राग यायला जागाच नव्हती. स्वतःची खुर्ची तिरकी करून ती बसली होती. पाठीचा पडदा केला होता. बापाने निदान पगारासाठी केलं होतं. तिला कोण पगार देत होतं?

ती उठली. "बाई," तिने मालकीणबाईंना हाक मारली, "ते खिडकीचं अजून रिकामं आहे का?"

"आहे की."

"बस खाली," कॅप्टन म्हणाले. इतक्या हळू की तिला वाकावं लागलं. "बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नसतं. सगळी खोली बघते."

"बघू दे."

"बघतील."

"हो."

"तुला चालेल?"

लेकीने तोंड उघडलं. चालेल, त्यात काय, असं म्हणायला शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. सकाळपासून ती असले शब्द सढळ हाताने वाटतच होती. रांग आहे, खुर्च्या बुटक्या आहेत, बंद आहे. तिने ते गिळले.

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण चला."

कॅप्टननी उठायला टेबलावर हात टेकले.


पाचवी जागा, पुन्हा

खांबापासून खिडकीपर्यंत अंतर फार नव्हतं. पण काठी कोपऱ्यातून काढताना खाली पडली आणि मोठा आवाज झाला. कचेरीतले तिघं वळले. म्हातारीने वर्तमानपत्र खाली केलं. नणंद पाण्याचे पेले घेऊन निघाली, चिमी मिठाची कुपी खडीसाखरेच्या बशीसारखी जपून धरून निघाली, आणि मध्ये कॅप्टन, एक पाय टाकत, दुसरा ओढत. वरात निघाल्यासारखी सगळी मंडळी निघाली. लेकीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं, पण लवकर घ्यावं.

कॅप्टन खिडकीशी बसले. उजेड सरळ तोंडावर पडला. हनुवटीवरचा कपटा अजून होता. लेकीने तो काढायला हात पुढे केला, आणि कॅप्टननी स्वतःच काढला. त्यांनी टेबलावरचा घडी केलेला कापडी नॅपकिन उचलला, नीट पाहिला, घडी उलगडून पुन्हा घातली, आधीपेक्षा सुबक, एका हाताने. बाहेरून जाणाऱ्या एका बाईने काचेतून आत पाहिलं आणि पाहतच पुढे गेली.

सूप आलं. वाफ कॅप्टनच्या चेहऱ्यावर गेली. चमचा डाव्या हातात घेऊन ते थांबले.

"रुमाल," ते म्हणाले.

लेकीने टेबलावरचा नॅपकिन पुढे केला.

"हा नव्हे. माझा."

तो बाटलीच्या खाली होता. पर्समधून बाटली काढावी लागली, चष्म्याचं घर काढावं लागलं, चिमीचा एक मोजा निघाला. मग तो पांढरा रुमाल आला, मोठा, बंदांसकट, लहान मुलाला बांधतात तसला. तो बांधायचा तर कॅप्टनच्या पाठीमागे जायला हवं होतं, आणि पाठीमागे उभं राहिलं की तोंड सगळ्या खोलीकडे व्हायचं.

ती जाऊन उभी राहिली.

जोडप्यातल्या पुरुषाने पाहिलं आणि ताटात पाहायला लागला. म्हातारी मात्र पाहतच राहिली, अगदी निवांत, खिडकीबाहेर पाहावं तशी. मालकीणबाई पाव घेऊन येत होत्या, त्या मध्येच थांबल्या. नणंद कार्ड वाचत होती. जेवण केव्हाच मागवून झालं होतं, तरी खालमानेने वाचत होती. लेकीला कळलं की तिलाही जड जातंय, आणि नणंदेबद्दल एवढी माया तिला आजवर वाटली नव्हती.

बंद हातातून निसटला. तिने पुन्हा धरला.

"घट्ट नको," कॅप्टन म्हणाले.

"नाही करत."

"आजोबा, तुम्ही पण सांडा, मी पण सांडते," चिमी म्हणाली.

कॅप्टननी पहिला चमचा तोंडात घातला. थोडं आत गेलं, थोडं ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून रुमालावर. घशाने तो आवाज केला. खोली शांत होती, म्हणून फारच मोठा वाटला. लेकीचा हात सवयीने पुढे गेला, पुसायला, आणि तिने तो तिथेच, कॅप्टनच्या खांद्यावर ठेवून दिला. दुसरा चमचा. तिसरा. गाठ केव्हाच बांधून झाली होती, तरी ती मागेच उभी होती. पुढे येऊन बसलं की त्यांचं तोंड समोर येणार होतं.

"बस," कॅप्टन मागे न बघता म्हणाले. "तुझं गार होतंय."

ती येऊन समोर बसली. खुर्ची सरळ ठेवली.

फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. कुठे बसलात शेवटी?

तिने एका हाताने लिहिलं, खिडकीशी. मग वर पाहिलं. कॅप्टनच्या हनुवटीवरून सुपाचा एक थेंब खाली उतरत होता, आणि तो पडेपर्यंत तिने नजर हलवली नाही.